ताईचे डोहाळे आणि जुनं कार्ड

"घेऊ का नको, बुवा? एवढंच सांगा."

प्रश्न अच्युतबुवांना होता. ते नदीकडे तोंड करून बसले होते, तसेच बसून राहिले.

अभिरामच्या मांडीवर वर्तमानपत्र उघडं होतं. बुवांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तेव्हा दर रविवारी सकाळी मठाच्या ओट्यावर बसून त्यांना पेपर वाचून दाखवायचा, हे काम त्यानं कॉलेजात असल्यापासून धरलेलं. आज मात्र वाचन पहिल्याच पानावर अडलं. पोराच्या मनात दुसरंच काहीतरी घोळत होतं.

"काय घ्यायचंय?" बुवांनी विचारलं.

"ग्राफिक्स कार्ड."

"ते काय असतं?"

आता हे अभिरामला विचारायचं म्हणजे झालंच. गावात कुणाला कॉम्प्युटर घ्यायचा झाला की आधी अभिरामला गाठायचं आणि मग दुकान, अशी रीतच पडलेली. दुकानदारसुद्धा त्याला बघून जरा सांभाळून बोलायचे. पोरगा हुशार, यात शंका नाही. फक्त त्या हुशारीला नाकानं कांदे सोलायची सवय होती.

"कॉम्प्युटरच्या आतला एक भाग असतो, बुवा. स्क्रीनवर खेळ दिसतो ना, त्याची चित्रं तो काढतो."

"तुझ्याकडे नाहीये?"

"आहे. जुनं झालंय."

"चित्रं काढत नाही?"

"काढतं हो. पण दमतं. मोठं काही समोर आलं की अडखळायला लागतं."

"माझ्यासारखंच की." बुवा खुशीत हसले. "मग घे. वडील नको म्हणतात?"

"छे. माझ्याच पगारातून घेणार आहे."

"मग घोडं कुठं अडलंय?"

अभिराम सरसावून बसला. हा प्रश्न त्याला कुणी विचारला की तास कसा जायचा ते कळायचं नाही. आता बाजारात आहे ते चांगलं आहे, पण लवकरच नवीन येतंय. नवीन आलं की हे स्वस्त होईल. पण मग नवीनच का घेऊ नये? आणि नवीन घ्यावं तर आतला वीजपुरवठ्याचा डबाही मोठा लागेल. तो घातला की प्रोसेसर कमी पडेल...

"नवी सून आली की घराला रंग काढावा लागतो, तसं," बुवा म्हणाले.

"तसंच. म्हणून ठरत नाहीये. दोन-दोन कार्डं शेजारी ठेवून दाखवतात ना, तसले व्हिडिओ मी रोज बघतोय. जेवतानासुद्धा."

"आणि खेळतोस कधी?"

"सध्या नाही खेळत."

बुवांनी मान हलवली. समजल्यासारखी नव्हे, नुसतीच.

"का रे?"

मग अभिरामनं खरी गोष्ट सांगितली. खेळ दोघांनी मिळून खेळायचा होता. दोन वाटसरू एका खेड्यातून निघतात आणि डोंगर, जंगलं, नद्या ओलांडत दूरच्या एका शहराकडे चालत जातात. एक वाटसरू अभिरामचा, दुसरा त्याच्या मोठ्या बहिणीचा, मृणालताईचा. लग्नाआधी दोघांनी निम्मी वाट चालून ठेवलेली. पुढं ताई सासरी गेली आणि खेळ राहिला. आता ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दुपारची आई झोपली की दोघं एकाच स्क्रीनसमोर बसायची, डावी बाजू तिची, उजवी त्याची. उरलेली वाट भराभर संपली. शहराच्या वेशीशी एक दगडी पूल होता. त्या पुलापर्यंत दोघं पोचली.

"मग?"

"मग थांबलोय."

"पुलावर?"

"पुलावर. आत गेलं की फार अडखळणार, बुवा. केवढं शहर आहे ते. हजारो दिवे, गर्दी, आणि दोघांचं सगळं त्या एकाच कार्डानं काढायचं. नवीन कार्ड आलं की जाऊ, असं मी ताईला सांगितलंय."

"ताई काय म्हणते?"

"ती काय, चल म्हणते. रोज म्हणते." अभिरामला हसू आलं. "आई तिच्या मागं लागते, काय खावंसं वाटतंय सांग, चिंच आणू का, आवळे आणू का? तर म्हणते, मला काही नको, मला ते शहर बघायचंय."

"म्हणजे डोहाळे लागलेत तिला."

"चेष्टेनं म्हणते हो ती."

"चेष्टेनं डोहाळे लागत नाहीत," बुवा म्हणाले. "नवीन कार्ड कधी येणार म्हणालास?"

"दोनेक महिन्यांत."

"आणि ताईचे दिवस?"

"भरत आलेत," अभिराम म्हणाला.

नदीपलीकडं कुणीतरी म्हैस धूत होतं, तिचा हुंकार आला. बुवा त्या आवाजाकडे कान देऊन बसले. अभिरामनं पेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. हे गणित त्याला कळत नव्हतं असं नाही. चणे येतील तेव्हा दात नसतील, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. एकदा मांडीवर पोर आलं की ताई कसली वाटसरू आणि कुठलं शहर. पुढं ती सासरी जाईल, नोकरीवर जाईल. पण ते मनात आलं की तो आणखी एक व्हिडिओ लावायचा.

"पण बुवा," तो एकदम बोलला, "कुठलीही गोष्ट पहिल्यांदा एकदाच बघता येते की नाही? ते पहिलं बघणं पुन्हा मिळत नाही. मग ते अर्धंमुर्धं, धक्के खात का बघायचं? ज्यांनी ते शहर बनवलं त्यांचा तो अपमान आहे. आणि ताईचासुद्धा. बघायचं तर नीट बघायचं."

"हे बरोबर बोललास."

अभिरामला हे अपेक्षित नव्हतं. त्याला जोर चढला.

"तुम्हीसुद्धा पुढच्या महिन्यात डोळ्यांचं ऑपरेशन करून घेताय ना?"

"घेतोय की."

"नीट दिसावं म्हणूनच ना?"

"नीट दिसावं म्हणूनच. नाहीतर कशाला कापून घेईन?"

"मग मी काय वेगळं म्हणतोय?"

बुवांनी हात लांब करून समोर बोट दाखवलं.

"तिथं काय आहे रे?"

"डोंगर."

"मला निळं काहीतरी दिसतं. आणि बगळे उठले की त्यात पांढरं हलतं. बगळेच असावेत." बुवांनी हात खाली घेतला. "रोज येऊन बसतो इथं. फार बरं वाटतं."

"पण मग ऑपरेशन झाल्यावरच बसायचं की..." अभिराम बोलून गेला, आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

बुवांनी पाय ओट्याखाली सोडले. ते चपला चाचपडत होते. एक सापडली, दुसरी अभिरामनं पुढं सरकवली. मग ते उठले आणि त्यांनी अभिरामच्या खांद्यावर हात टाकला.

"चल."

"कुठं?"

"शहर बघायला."

---

घर दोन गल्ल्या ओलांडून होतं. बुवांना दारात बघून आईची धांदल उडाली. ती पाय धुवायला पाणी घेऊन आली, पाट मांडला, गूळ-शेंगदाणे पुढं ठेवले, आणि बुवा अभिरामच्या खोलीत का जातायत हे न कळून दारात उभी राहिली.

मृणालताई पलंगावर पाय पसरून बसली होती. ती उठायला लागली तशी बुवांनी तिला हातानंच बसवलं.

"तुझा भाऊ म्हणतो, तुला शहर बघायचंय."

ताईनं अभिरामकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली आणि कॉम्प्युटर सुरू केला.

"बघायचंय, बुवा," ती म्हणाली. "खरंच बघायचंय. मला वाटत होतं, राहूनच जाणार."

अभिरामनं हे ऐकलं आणि त्याला फार वाईट वाटलं. बहिणीनं इतके दिवस हे हसत हसत सांगितलं होतं, आणि त्यानं ते हसतच ऐकून सोडून दिलं होतं.

ताईच्या पाठीला दोन उशा लावल्या. बुवा शेजारच्या खुर्चीत बसले. स्क्रीन उजळली. दगडी पूल, त्यावर दोन वाटसरू, समोर उंच वेस.

"मला यातलं काही दिसायचं नाही," बुवा म्हणाले. "उजेड आहे एवढं कळतंय. तू सांगत जा."

"काय सांगू?"

"दिसेल ते."

ताई पुढं निघाली. अभिराम तिच्या मागोमाग वेशीतून आत शिरला. आणि त्याला जी भीती होती तेच झालं. चित्र थबकलं, हललं, पुन्हा थबकलं.

"झटके बसतायत," तो चडफडला. "बघा, मी म्हणत नव्हतो?"

"झटके मला दिसत नाहीत. आणखी काय आहे?"

"थांबा, जरा सेटिंग कमी करतो." त्यानं भराभरा कशाकशावरची टिक काढली. सावल्या गेल्या, लांबचं धुकं गेलं. चित्र बरंचसं सरळ चालायला लागलं. "सावल्या काढाव्या लागल्या," तो खजील होऊन म्हणाला. "आता कुणाचीच सावली पडत नाही."

"सावली पडत नाही?" बुवांनी हात जोडले. "मग सगळे देवच राहतात म्हणायचे तिथं."

ताई खळखळून हसली. दारातल्या आईनंही पदर तोंडाला लावला. अभिरामलाही हसू आवरलं नाही.

"हं, सांग. पुढं काय आहे?"

"रस्ता आहे. चढाचा. दोन्ही बाजूंना दुकानं... रंगाऱ्यांची आळी आहे बहुतेक. कापडं वाळत घातलीत, या माडीवरून त्या माडीवर. निळी, हळदी, डाळिंबी. त्याखालून लोक जातायत. एक बाई कबुतरं विकतेय."

"घेणारं कुणी आहे?"

"एक म्हातारा आहे. तो घेतोय आणि... सोडून देतोय. अरे, परत घेतोय." अभिराम स्क्रीनच्या जवळ सरकला. "तीच कबुतरं आहेत. उडून तिच्याकडेच परत येतायत."

"दोघांचाही धंदा बरा चाललाय," बुवा म्हणाले.

"तिकडं बघ, अभि, तिकडं," ताई म्हणाली. तिनं आपला वाटसरू एका बोळात घातला होता. बोळ वळत वळत गेला आणि एका चौकात उघडला. मधोमध पाण्याचा हौद. हौदाच्या काठावर बसून कुणी एक जण तंतुवाद्य वाजवत होता.

आवाज खोलीभर पसरला. बुवांनी डोळे मिटून घेतले.

अभिराम सांगत राहिला. हौदात दिव्यांची रांग दिसतेय ते सांगितलं, भिंतीवर चुन्यानं काढलेले मासे सांगितले, कट्ट्यावर झोपलेलं कुत्रं सांगितलं. एरवी तो खेळताना स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघायचा, सेकंदाला किती चित्रं निघतायत ते दाखवणाऱ्या. आज कुत्रं कुठल्या रंगाचं, हे बुवांना सांगायचं होतं, म्हणून तो कुत्र्याकडे बघत होता. कुत्रं पिवळं होतं, एक कान काळा. त्याला वाटलं, आपण इतका वेळ इतकं नीट कधी काही बघितलंच नव्हतं. आणि शेजारी ताई होती, गूळ-शेंगदाणे तोंडात टाकत, लहानपणी टाकायची तशीच. त्याला फार फार बरं वाटलं.

चौकाच्या टोकाला उंच मनोरा होता. घंटेचा मनोरा. आत गोल जिना.

"चढायचा का?" ताईनं विचारलं.

"तुला दम लागेल," बुवा म्हणाले.

"लागू दे," ती हसली, आणि चढायला लागली.

अभिराम तिच्या मागं निघाला. एक फेरा झाला, दुसरा झाला. तिसऱ्या फेऱ्याला झरोक्यातून सगळं शहर एकदम समोर आलं, आणि बिचाऱ्या जुन्या कार्डाला ते काही झेपेना. स्क्रीनच्या दोन्ही बाजू पुन्हा गचके खायला लागल्या. इमारती आधी ठोकळ्यांसारख्या उमटल्या, मग त्यांना खिडक्या फुटल्या.

अभिरामचा हात थांबला. त्याचा वाटसरू जिन्यात उभा राहिला. सवय कुठं जाते? कोपऱ्यातल्या आकड्याकडे त्याची नजर गेलीच.

"बघितलंत? हे असं होतं," तो म्हणाला. "आता सावल्या काढूनसुद्धा. आत्ताच घेतलं तर आठवड्यात घरी येईल, पण मग नवं आल्यावर हळहळ... बुवा, तुम्ही शेवटपर्यंत सांगितलंच नाहीत. घेऊ का नको?"

पंख्याची घरघर ऐकू येत होती. मग ताईनं एकदम श्वास आत घेतला.

"अगं आई गं," ती हळूच म्हणाली. "आई, इकडं ये, बघ. केवढी नदी आहे."

आई दार सोडून आत आली आणि तिच्या पाठीशी उभी राहिली.

अभिराम अजून बुवांकडेच बघत होता. बुवांनी मिटलेले डोळे उघडले आणि त्याच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"ताई वर पोचली," ते म्हणाले. "तू कुठं आहेस?"