सांगणाऱ्याची सही

"वनितानं पत्र मागितलं का तुमच्याकडे?"

वंदन करून इंद्रपाल अजून नीट टेकलाही नव्हता. हातातली फाईल मांडीवर घेता घेता त्याच्या तोंडून आधी हाच प्रश्न बाहेर पडला.

भंतेजी विहाराच्या ओसरीवर चीवराची उसवलेली कड शिवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मागितलं."

"कधी?"

"परवा."

"आणि तुम्ही दिलंत?"

सुईत दोरा ओवायला भंतेजींना बराच वेळ लागला...

"नाही," ते म्हणाले.

इंद्रपालचा जीव भांड्यात पडला.

मुंबईच्या एका संस्थेनं अर्ज मागवले होते. ज्या घरातलं माणूस गेलं आहे, त्या घराला आधार देणारं काम गावात उभं करायचं. खर्च संस्था उचलणार. पण तालुक्यातून एकाच अर्जाला मंजुरी मिळणार होती. सोबत भागातल्या जाणत्या माणसाचं पत्र हवं होतं, आणि त्या खाणीच्या गावात जाणता माणूस म्हटलं की भंतेजींचंच नाव निघे.

अर्ज दोघांचे होते. एक समाजकार्याची पदवी घेतलेल्या इंद्रपाल मेश्रामचा, दुसरा बँकेत कॅशियर असलेल्या वनिता रामटेकेचा. दोघंही दर पौर्णिमेला याच ओसरीवर बसून शिकलेले. इंद्रपालच्या प्रश्नांना भंतेजी उत्तर देत. वनिताच्या प्रश्नांवर हसत.

ते हसणं आपल्या वाट्याला का येत नाही, हे इंद्रपालला वर्षानुवर्षं सलत होतं.

"दाखव, काय केलंस ते," भंतेजी म्हणाले.

त्यानं फाईल उघडली. "तीन टप्पे आहेत. आधी सर्वेक्षण, मग स्वयंसेवकांचं प्रशिक्षण, मग समुपदेशनाची सत्रं. मागची पानं अंदाजपत्रकाची."

"मयताच्या घरात शिरल्यावर पहिल्यांदा काय बोलायचं, ते आहे का यात?"

"आहे ना. प्रशिक्षण, दिवस दुसरा."

"आणि पहिल्या दिवशी?"

"उद्घाटन."

भंतेजींनी मान डोलावली. "मांडणी सुरेख आहे. अक्षरही."

"टाईप केलंय, भंतेजी."

"तरीच."

इंद्रपालनं फाईल मिटली. त्याला खरं तर दुसरंच काही जाणून घ्यायचं होतं.

"तिला का नाही दिलंत पत्र?"

"ती काय करते, ते मला ठाऊक नाही. माणूस गेलं की जलदानविधीला मी जातो, परित्राणपाठ म्हणतो, परत येतो. ती म्हणते, मी त्यानंतर जाते. त्यानंतरचं मी पाहिलेलं नाही."

"तिनं सांगितलं नाही काही?"

"विचारलं मी. म्हणाली, काही नाही हो भंतेजी, जाऊन बसते. आता एवढ्यावर पत्र कसं लिहायचं?" भंतेजींनी दोरा दातांनी तोडला. "तुला ठाऊक आहे का, ती काय करते?"

इंद्रपाल याच प्रश्नाची वाट बघत होता.

भंतेजींनी शिवणकाम बाजूला सारलं. लिहायची फळी गुडघ्यावर घेतली, तिच्यावर कागद ठेवला, पेनाचं टोपण काढलं.

"सावकाश सांग. हात आता पूर्वीसारखा चालत नाही."

लिहून घेतायत! इंद्रपाल सरकून पुढे आला. एकदाचं हे सगळं कागदावर येणार होतं.

"मंडप निघतो, खुर्च्या परत जातात, पाहुणे पांगतात. नेमकी तेव्हा ही उगवते. टपूनच बसलेली असते जशी."

"मंडप निघाल्यावर..." भंतेजी पुटपुटत लिहू लागले. "हं."

"आणि बोलते काय? गेलेल्या माणसाबद्दल एक अक्षर नाही. आज भाजी काय केली, धाकट्याचा ताप उतरला का, विजेचं बिल कुणाच्या नावावर येतं. याला काय समुपदेशन म्हणायचं?"

"बिल कुणाच्या नावावर... पुढे?"

"पुढे ते नाव बदलायला हीच त्या बाईला घेऊन कचेरीत जाते. बँकेतून रजा टाकून! हे लिहा. बँकेचं काम सोडून."

"हक्काची रजा?"

"...हक्काची."

"बरं."

"कशाची नोंद नाही, अहवाल नाही. तिला विचारा, कोणकोणती घरं केलीस? धड सांगता येणार नाही."

"तुला येईल?"

"न यायला काय झालं? डोंगरे. स्टेशनामागचे वाघमारे. शेख मास्तरांचं घर. तेलघाणीजवळचे बोरकर, तिथे तर अजून जाते..." इंद्रपाल बोटं दुमडत गेला. एक हात संपला, दुसरा सुरू झाला. "आणि भंतेजी, ती हसते!"

"कुठे?"

"मयताच्या घरात. खदाखदा. डोंगरेबाईंच्या नवऱ्याला जाऊन महिना नव्हता झाला, आणि दोघी हसत होत्या. पार रस्त्यावर ऐकू येत होतं."

"तू रस्त्यावर होतास?"

"जात होतो तिथून..."

"दोघी हसत होत्या?"

"दोघी."

भंतेजींनी तेही लिहिलं.

इंद्रपालचा आवाज खाली आला.

"आमच्याही घरी आली होती. दादाच्या वेळी."

भंतेजींनी नुसती मान हलवली. इंद्रपालचा मोठा भाऊ खाणीत पाळीवर असताना छातीत कळ येऊन गेला होता. त्याचा विधी त्यांनीच केला होता.

"वहिनी तोंडातून शब्द काढत नव्हती. मी रोज समोर जाऊन बसायचो. हे शिकलोय मी, भंतेजी. पदवी आहे माझ्याकडे. वहिनी, बोला, मन मोकळं करा... ती भिंतीकडे बघत राहायची. आणि ही आली. दुसऱ्या का तिसऱ्या खेपेला वहिनी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा होतो. दोघींचं माझ्याकडे लक्षसुद्धा गेलं नाही."

पेन कागदावर चालत राहिलं.

"दादाची स्कूटर होती. तिला कुणी हात लावायचा नाही, असं मीच सांगून ठेवलं होतं. रोज सकाळी मी ती पुसायचो. एक दिवस घरी आलो, तर अंगणात स्कूटर नाही. बघतो तर शाळेच्या मैदानावर. पुढे वहिनी, मागे ही बया. वहिनी किंचाळतेय, ब्रेक कुठाय, अगं ब्रेक कुठाय. आणि ही मागून म्हणते, दिसला की मलाही सांगा."

भंतेजी हसले.

ते हसू इंद्रपालच्या काळजात रुतलं. इथे नसतानाही तिनंच त्यांना हसवलं होतं.

"मग?"

"मग काय. शिकली वहिनी. अंगणवाडीत काम धरलंय, स्कूटरवरूनच जाते."

"आणि तू?"

"मी काय?"

"आता सकाळी काय पुसतोस?"

इंद्रपालनं फाईलची कड बोटांनी सरळ केली. मग पुन्हा सरळ केली...

भंतेजींनी कागद त्याच्यापुढे धरला. "वाच. काही चुकलं असेल तर सांग."

त्यानं वाचायला घेतलं.

'मंडप निघाल्यावर आणि पाहुणे पांगल्यावर वनिता रामटेके त्या घरी जाते. गेलेल्याबद्दल विचारत नाही, आज भाजी काय केली ते विचारते. आपल्या हक्काची रजा खर्चून घरच्या बाईला कचेरीत नेते. बोरकरांकडे ती अजून जाते. डोंगरेबाई तिच्यासोबत हसल्या, ते रस्त्यावर ऐकू आलं. एका घरात कुणाशीच न बोलणारी बाई तिच्या मांडीवर रडली. त्याच बाईला तिनं गेलेल्या नवऱ्याची स्कूटर चालवायला शिकवलं. ती आता कामाला जाते.'

इंद्रपालचा चेहरा उतरला.

"मी हे असं सांगितलं नव्हतं."

"शब्द तुझेच आहेत. रागाचे तेवढे गाळले, कागद पुरला नसता."

"पण हे... हे तर तिच्याच बाजूचं झालं!"

"झालं खरं." भंतेजींनी कागद परत घेऊन पुन्हा एकदा वाचला. "तिला स्वतःला हे असं सांगता आलं नसतं. तिच्याकडे इतकं बारकाईनं दुसरं कुणी बघतच नाही."

त्यांनी खाली सही केली. सावकाश, प्रत्येक अक्षर जोडत. मग कागद आणि पेन दोन्ही इंद्रपालपुढे ठेवलं.

"सांगणाऱ्याचीही सही हवी. मी काही पाहिलेलं नाही. पाहणारा तू."

इंद्रपाल कागदाकडे बघत राहिला. असं पत्र जोडलं गेल्यावर संस्था कुणाचा अर्ज उचलेल, हे कळायला पदवी लागत नव्हती. त्याची तीन महिन्यांची मेहनत मांडीवर पडून होती. सुरेख मांडणीची.

"निदान ते स्कूटरचं तरी काढा."

"खोटं आहे?"

मैदानावरची वहिनी त्याच्या डोळ्यांपुढे आली. घामाघूम झालेली, घाबरलेली, पदर खोचलेली. दादा गेल्यापासून तिचा आवाज इतका मोठा झालेला त्यानं ऐकला नव्हता. कुंपणाशी उभं राहून त्यानं तो ऐकला होता आणि हाक न मारता घरी निघून आला होता.

"नाही," तो म्हणाला.

"मग?"

त्यानं पेन उचललं. सही इतकी दाबून केली की कागद एका जागी फाटला. भंतेजींनी फाटलेल्या जागेवरून बोट फिरवलं, घडी घातली आणि पत्र बाजूला ठेवलं.

इंद्रपाल उठला नाही. त्याचे कान लाल झाले होते.

"आता माझं?"

"तुझं काय?"

"मलाही पत्र हवंय, भंतेजी. मीही तुमचाच शिष्य आहे. मीही अर्ज केलाय."

"लिहू की. का नाही?" भंतेजींनी फळीवर दुसरा कोरा कागद ठेवला. पेन झटकून पाहिलं.

इंद्रपाल सावरून बसला. घसा साफ केला. "सांगू?"

"तू नको." भंतेजींनी त्याच्याकडे पाहिलं. "तुझा हेवा कोण करतं? त्याला पाठवून दे."