गोजरा कासारणीची पहिली बांगडी

फार वर्षांपूर्वी, बोरवंडाला जायला धड रस्ताही नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. गोजरा कासारीण बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन बारा गावं फिरायची. बांगडी भरताना हात आवळतो, दुखतो, डोळ्यांत पाणी येतं. सासुरवाशिणीला तेवढ्यापुरती रडायची मुभा असे, सासूही काही विचारत नसे. त्या रडण्यातच सुना हळूच एखादी ओवी म्हणत आणि गोजरा ती त्यांच्या माहेरी जाऊन जशीच्या तशी म्हणून दाखवी. हजार ओव्या तिला तोंडपाठ होत्या, असं म्हणतात.

पण माणसानं ऐकायचं तरी किती? पायांचं सोडा, बिचारीचे कान थकले होते. ओवी ऐकली की आया पदर तोंडाला लावून बसत, मग गोजराला त्या घरचं पाणीही गिळवत नसे.

बोरवंडाची राही चिंचाळ्याला दिली होती. एका वर्षी तिनं ओवी दिली:

सांग माझ्या बापाला, बैल जुंप गाडीला
निम्मी उरली लेक तुझी, येई तिला न्यायाला

बोरवंडाला पोचेपर्यंत गोजराचा जीव मेटाकुटीला आला. दारात राहीची आई हसत उभी होती. तिला रडवायचं त्राण गोजरात उरलं नव्हतं. तिनं ओवी फिरवली:

सांग माझ्या बापाला, बैल सोड माळाला
लेक तुझी सुखी हाय, आली तिथल्या वळणाला

आईनं तिला ताक दिलं. गोजरा त्या ओसरीवर गाढ झोपली.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या हातून बांगडी भरेना. हात लावावा ती वाढायची. बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं, पण टोपलीच्या टोपली वाढली तर काय म्हणावं? असं वर्ष गेलं, असं म्हणतात.

मग ती चिंचाळ्याला गेली. राहीनं हात पुढे केला. लहान पोरीच्या मापाची बांगडी थेट कोपरापर्यंत सरकली. वर्षभरात ही पहिलीच बांगडी धड राहिली होती.

"बापू आलं न्हाईत, मावशे," राही म्हणाली. "सांगितलंस न्हवं?"

गोजराला तोंड वर करवेना. टोपली तिथंच ठेवून ती उठली आणि बोरवंडाकडे बारा कोस चालत सुटली. ती पोचेपर्यंत सूर्य डोंगरावर अडून राहिला, असं म्हणतात. राहीच्या माहेरच्या अंगणात उभ्यानंच तिनं खरी ओवी म्हटली आणि म्हणाली, "मागल्या साली मी गोड करून सांगितली. थकले होते."

राहीच्या बापानं ताटावरून उठून, चूळही न भरता बैल जुंपले. आई मात्र जागची हलली नाही. ती एवढंच म्हणाली, "गोजरे, रडायचं आमचं होतं. तू कशाला आम्हाला वाचवलंस?"

राही आली, जगली, तिच्या ओव्या जात्यावर गेल्या. गोजरानं पुन्हा कुणाची ओवी फिरवली नाही. तिचं थकणं काही गेलं नाही, पण बांगडी वाढायची थांबली.

बोरवंडात आजही लग्नाचा चुडा भरताना पहिली बांगडी गोजराच्या नावाची असते. ती भरताना नवरी मनातली एक ओळ म्हणते आणि कासारीण ती भर मांडवात, एक अक्षर न बदलता, तिच्या आईबापाला सांगते. बहुतेक पोरी लाजून काहीतरी गोडधोड बोलतात. एका पोरीनं, "मला न्हाई जायाचं," असं म्हटलं होतं. कासारणीनं तसंच सांगितलं, आणि बापानं उठून मांडवाच्या दोऱ्या सोडल्या.