शिट्टी मारणारा टवाळ

कागद तारेतून धावायचे, त्या काळातली गोष्ट. तासगावात विमलाक्कांच्या बेदाण्याच्या पेढीवर एक प्रिंटर होता. तो छापायचा, झेरॉक्स काढायचा, स्कॅन करायचा, फॅक्सही घ्यायचा. एवढं सगळं एकटा करतो म्हणून शेजारच्या म्हाताऱ्या फोनशी तो बोलत नसे. दोघांची तार मात्र एकच.

पण फॅक्स काही येईना. अक्का वैतागल्या, "आज व्यापाऱ्याचा कागद आला नाही, तर हे धूड भंगारात!"

प्रिंटरनं शाई बघितली, कागद सारखा केला, स्वतःला बंद करून पुन्हा चालू केलं. सगळं ठीक. शेवटी नाक मुठीत धरून म्हणाला, "फोनआबा, माझ्यासाठी कुणी आलं होतं का हो?"

"तुझ्यासाठी? छे! पण एक टवाळ मला रोज छळतोय बघ. घंटा वाजली की मी लगेच 'हॅलो, कोण?' म्हणतो, तर मेला नुसती शिट्टी मारतो. मग मीही आपटतो."

"अहो आबा, तोच फॅक्स! आमच्यात रामराम असाच घालतात."

"मग आधी सांगायला तुझी जीभ झडली होती?"

तेवढ्यात घंटा वाजली. या खेपेला आबांनी 'हॅलो' गिळून टाकलं. प्रिंटरनं हुरळून खणखणीत शिट्टी घातली. पलीकडं अक्कांच्या विहीणबाई होत्या.

त्यांची समजूत काढता काढता अक्कांना घाम फुटला. त्यानंतरच्या घंटेला मात्र कागद आला, आणि भंगार टळलं.

तेव्हापासून घंटा वाजली की दोघं आधी एकमेकांना विचारतात, "तुझा पाहुणा, की माझा?"