पायथ्याचा तुकडा

"हिच्या पोटात तांदूळ का घालत नाय तू, बाय?"

फिलू सिद्दीनं तिसऱ्यांदा विचारलं. कतरीनबाय ओसरीवर बसून सुईत दोरा ओवत होती. ती ओवतच राहिली.

दोघींच्या मधे फिलूची नवी कवंदी पसरली होती. पूर्वी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज राहतात त्या जंगलातल्या सिद्दी वस्तीत जुन्या कपड्यांची गोधडी शिवतात, तिला कवंदी म्हणतात. कडेनं शिवत शिवत मधे यायचं. शेवटचं तोंड बंद करण्याआधी आत चिमूटभर तांदूळ सोडायचे, कारण कवंदीला उपाशी ठेवत नाहीत. फिलूच्या प्रत्येक कवंदीत हे तांदूळ कतरीनबायनं सोडले होते. शिवायला तिनंच शिकवलं, तेव्हा तो मान तिचाच.

बारा वाजता शहरातून जीप येणार होती. तिथल्या मोठ्या प्रदर्शनात ब्राझीलच्या, जमैकाच्या, अमेरिकेच्या काळ्या कलावंतांशेजारी फिलूची कवंदी लागणार होती. जीप रिकामी गेली की यादीतून नाव कटलं. वस्तीतून एवढं लांब कुणाचं काम गेलं नव्हतं, आणि फिलूचं नाक तर मुळातच वर.

"हा काळा तुकडा कोण नेसलेलं?" बायनं विचारलं.

कवंदीच्या मधोमध मखमल होती. आफ्रिकेच्या नकाशासारखी कापलेली.

"कोण नाय. नवी आणली बाजारातून."

"का?"

"पहिली कवंदी प्रदर्शनवाल्यांनी परत धाडली. चिठ्ठीत म्हणाले, छान आहे, पण ह्यात आफ्रिका दिसत नाही. नकाशा घाला, मुखवटे घाला."

"आणि तू घातलास."

"मग काय करू?" फिलू उसळलीच. "बस स्टँडवर पोरं ओढणी खेचतात, आफ्रिकेला जा म्हणून ओरडतात. तिकडं शहरात म्हणतात, आफ्रिका घेऊन ये! आम्ही जन्मलो इथं, मेलो इथं, आणि आम्ही कोण ते ठरवणार हे? इथं आले तेव्हा तुझ्या कवंदीला किती नावाजलं त्यांनी, तू हसलीस नुसती. तुला राग कसा येत नाय?"

...

कतरीनबाय उठली. आत जाऊन स्वतःची कवंदी घेऊन आली. धुऊन धुऊन विरलेली. तिनं ती फिलूच्या मांडीवर टाकली आणि खालच्या कडेच्या पांढऱ्या तुकड्यावर बोट ठेवलं.

"ह्याला काय म्हणाला तो शहरवाला?"

"म्हणाला, हा पांढरा किती शांत वाटतो."

"धोतर आहे हे. सुपारीच्या बागेचा मालक होता, त्याचं. माझ्या बापानं त्याच्या विहिरीचं पाणी काढलं म्हणून त्यानं बापाला झाडाला बांधून फोडून काढलं. मग हे दिलं. पाठीचं रक्त पुसायला."

फिलूचा हात त्या तुकड्यावरून झटकन मागे आला.

"आणि तू ते पांघरतेस?"

"कुठल्या बाजूला आहे बघ."

"पायथ्याशी."

"तेहेतीस वर्षं," कतरीनबाय म्हणाली. "रोज दोन्ही पाय त्याच्यावर घासून मग निजते."

...

फिलूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बस स्टँडवरच्या पोरांचा राग होता, शहरवाल्यांचा होता, पण सगळ्यात जास्त स्वतःचाच आला. कुणी न मागता सहा वर्षं हातानं जे केलं, ते एका चिठ्ठीसरशी बाजूला सारून मखमल लावून मोकळी झाली होती ती.

तिनं कात्री घेतली. टाके कचाकच तोडले आणि नकाशा ओढून काढला.

"चुलीत घालते हा."

"नको. शीव."

"कुठं?"

कतरीनबायनं आपले पाय पसरले.

फिलूनं त्या पायांकडे बघितलं. मग मान खाली घालून तिनं मखमल कवंदीच्या खालच्या कडेला लावली. दात आवळून टाके घातले. एवढे घट्ट टाके तिनं जन्मात घातले नव्हते.

उतारावर जीपचा हॉर्न वाजला. वस्तीतली कुत्री भुंकायला लागली.

मखमल निघालेली मधली जागा उघडी होती. फिलूनं भराभरा चिंध्यांचं गाठोडं सोडलं. आईचं लुगडं, भावाचा सदरा, तिची स्वतःची ओढणी. एक उचलावं, दुसरं ठेवावं, असं चाललं होतं तिचं.

हॉर्न पुन्हा वाजला, ह्यावेळी जवळ.

"बाय, लवकर सांग! मधे काय लावू?"

कतरीनबायनं तांदळाची मूठ भरली होती. तिनं ती फिलूच्या ओंजळीत रिकामी केली. हात झटकले. आवाज चढवून ती फिलूशी कधी बोलली नव्हती, आज पहिल्यांदा बोलली.

"त्यांना विचारून झालं. आता मला विचारतेस?"