आठवा नॉकआउट

जिल्हा बॉक्सिंग संघटनेचे अध्यक्ष आबासाहेब रणखांबे यांनी जन्मात ग्लोव्हज घातले ते फोटोपुरते. हर्षला मानकापेने ओळीने सात जणींना एकेका ठोशात आडवं केलं, तरी राज्य स्पर्धेसाठीच्या जिल्हा संघातलं तिचं नाव त्यांनी भर सभेत खोडलं.

"पोरी, नॉकआउट म्हणजे निव्वळ नशीब! लागला तर लागला. कौशल्य बघायचंय तर माझ्याकडे बघ. सलग पाच वेळा अध्यक्ष झालो, तेही बिनविरोध!"

हर्षलाने नम्रपणे मान डोलावली. "खरंय साहेब. माझंच नशीब फुटकं. माझ्यासमोर दरवेळी कुणीतरी उभं राहतं, म्हणून पाडावं लागतं."

सभा खदखदून हसली. मागे बसलेल्या पंचांनी रिंगमधल्यासारखे दहा आकडे मोजले, तरी आबासाहेबांना शब्द सुचेना.

सचिवांनी तिचं नाव पुन्हा लिहिलं. बिनविरोध.