वेतकोंडचा एकझाडी परस

“सून आली म्हणजे पाणी आलं, वैनी. आता लावा काय हवं ते!”

वेतकोंडच्या सड्यावर, त्या कातळी माळावर, नवा पाहुणा आला, की म्हातारी माणसे आधी त्याला हे वाक्य ऐकवतात आणि मग परसाकडे बोट दाखवतात. प्रत्येक घरामागे दोन बाजा जेमतेम मावतील एवढा परस, आणि त्यात एकच झाड. तेही बुटके. कुठे कागदी लिंबू, कुठे कढीलिंब, फार तर डाळिंब, आणि तेही न्हाणीचे सांडपाणी बाहेर पडते त्या तोंडाशी. कोकणातल्या गावात परसाला फणस नाही, माड नाही, हे पाहून पाहुणा हटकून कारण विचारतो.

कारण, म्हणे, साळू.

साळू या गावात सून म्हणून आली तेव्हा सड्यावर नुसता कातळ होता. लोकांनी खालच्या ओढ्यातून टोपलीटोपलीने माती आणून घरामागे हातभर थर केला होता. पाणी मात्र खाली ओढ्याच्या कोंडात, त्या खोल डोहात, एकशेबारा पायऱ्या उतरून. नवरा गलबतावर, वर्षातले आठ महिने दर्यात. घरात सासरा गोमाजी, सासू आणि सासऱ्याची विधवा बहीण आत्याबाई. साळू लग्नानंतर पाचव्या दिवशी कुडाआड भांडी घासत होती, तेव्हा आत्याबाई सासूला ते वरचे वाक्य बोलल्या. साळूने ते ऐकले, राखेची चिमूट पुन्हा घेतली आणि तांब्या उगीचच दोनदा घासला.

त्याच आठवड्यात झाडे आली. गोमाजीला फणस हवा होता. त्याच्या बापाच्या दारी होता म्हणून. सासूला माहेरच्या आंब्याची कोय लावायची होती. आत्याबाईंना माड, कारण शेजारणीकडे होता. त्या एवढ्याशा परसात तिन्ही लागली, हातहात अंतरावर. उद्या ती मोठी झाली म्हणजे कुठे मावतील, हे कुणी विचारले नाही. घरात सावली सगळ्यांना हवी होती. पायऱ्या उतरायला एकटी साळू.

पहिला उन्हाळा तिने काढला. सकाळी डोईवर घागर, संध्याकाळी डोईवर घागर. माडाच्या आळ्यात ओतलेले पाणी बघता बघता नाहीसे व्हायचे, जणू खालून कुणी तोंड लावून बसले आहे. फणसाचे मूळ तिने एकदा बोटाने उकरून पाहिले. खाली कातळ लागल्यावर ते मुकाट आडवे वळले होते, थेट चुलीच्या भिंतीकडे. हे सांगावे असे तिला वाटले. पण ओट्यावर टेकल्यावर तिला बोलण्याचाही कंटाळा यायचा.

“मुकी आहे की काय गो ही?” आत्याबाई विचारायच्या.

“असू दे. पाणी तर आणते,” सासू म्हणायची.

दुसऱ्या उन्हाळ्यात साळूला सातवा महिना लागला. घागर डोईवर चढेना, म्हणून ती कमरेवर घेऊ लागली. पन्नासाव्या पायरीवर बसायची, पुन्हा ऐंशीव्या. चैत्र सरता सरता तिन्ही रोपे वाळली.

“हिचा हातच जळका,” आत्याबाईंनी निकाल दिला.

गोमाजी मात्र देवभोळा. तो म्हणाला, “जाखमातेला कौल लावू. ती सांगेल ते पुन्हा लावू.” कौल लावायचा म्हणजे गुरव देवीच्या पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवतो, जी गळून पडेल, ती देवीची संमती. साळूलाही नेले, जळका हात देवीला दाखवायला. तिन्ही कळ्या पडल्या तर तिन्ही झाडे, आणि पोटातल्या जिवासकट पुन्हा त्याच पायऱ्या, एवढे तिला कळत होते.

गुरवाने फणसाची कळी लावली, आंब्याची लावली, माडाची लावली. एकही पडेना. गाऱ्हाणे घालून घालून त्याचा घसा बसला. ऊन डोक्यावर आले, तरी देवी हूं की चूं करीना.

“गोमाजी, कौल अडलाय,” गुरव कपाळ पुसत म्हणाला. “काहीतरी सांगायचं ठेवलंयस. झाडांना पाणी कोण घालतं?”

गोमाजी, सासू, आत्याबाई, तिघांनीही साळूकडे पाहिले. ती खांबाला टेकून उभी होती, एक हात कमरेवर. तेव्हा ती बोलली. तिचा आवाज घरच्यांनी बहुधा पहिल्यांदाच नीट ऐकला. बोलणे संपायच्या आत तिन्ही कळ्या एकदम गळून पडल्या, असे सांगतात. उन्हाने सुकून पडल्या, असेही म्हणणारे आहेत. गुरवाने मात्र तो साळूच्या शब्दाला मिळालेला कौल धरला आणि तिथल्या तिथे गावाला नेम घालून दिला.

साळूने घरी येऊन न्हाणीच्या तोंडाशी एक लिंबू लावले. चुलीच्या भिंतीपासून लांब. त्याला अंघोळीचे पाणी पुरले. भाद्रपदात फणस लावायची गोष्ट गोमाजीने एकदा काढली. सासूने त्याच्यापुढे घागर ठेवली. तो एकदाच पायऱ्या उतरून आला आणि पुन्हा त्याने विषय काढला नाही.

गावात आता नळ आला आहे. पायऱ्यांवर शेवाळ धरले आहे. आजही वेतकोंडात रोप लावायचे असले, की गुरव आधी विचारतो, “पाणी कोण घालणार?” आणि ज्याला झाड हवे, त्याने, बाप्या असो की बाई, देवीसमोर उभे राहून साळूचेच शब्द म्हणायचे असतात. त्या दुपारी ती तिघांना एवढेच म्हणाली होती:

“ज्याचं झाड, त्याची घागर. मला उचलवेल एवढंच झाड मी लावीन.”