वाढणाऱ्याचं पान

"असं काय आहे अप्पा, जे संसदेला करता येत नाही?"

खासदार माणिकराव हुलसुरे यांनी हे विचारलं तेव्हा मठाचे प्रमुख रेवणअप्पा आणि मी मठाच्या ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो.

"तुम्हीच सांगा," अप्पा म्हणाले. "मला रेडिओवर कळतं तेवढंच."

माणिकरावांना एवढंच हवं होतं.

"कायदे आम्ही करतो. सरकार आमच्या विश्वासावर उभं असतं. तो काढून घेतला की मंत्र्यांनी गाशा गुंडाळायचा. खुद्द राष्ट्रपतींना पदावरून दूर करता येतं. आणि राज्यघटना बदलायची, तर तीही आम्हीच."

"बराच अधिकार आहे की!" अप्पा खरोखर खूश झाले.

"म्हणून तर आशीर्वाद घ्यायला आलो. परवा घटनादुरुस्तीचं विधेयक मांडतोय. लोकसभेची मुदत पाचाऐवजी सात वर्षं."

"पुढच्या लोकसभेची?"

"नाही... आताच्याच."

अप्पांनी आणखी एक शेंग सोलली.

"खरं सांगू?" माणिकरावांचा आवाज खाली आला. "आता निवडणूक लागली तर मी पडतो. लोक चिडलेत माझ्यावर. दोन वर्षं जास्तीची मिळाली, तर तेवढंच सावरून घेईन."

त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही पहिली खरी गोष्ट. मला ते त्या क्षणी आवडले.

अप्पा गुडघे चोळत उठले. "अमावास्येची पंगत बसतेय. आज वाढणार का?"

माणिकराव मठात वर्षानुवर्षं जेवले होते, पण कायम पहिल्या पानावर, अप्पांच्या शेजारी. वाढायला ते कधी उठले नव्हते. आज मात्र त्यांनी बाह्या सरसावल्या आणि ओगराळं हातात घेतलं.

पातेल्यात हुग्गी होती, गव्हाची गरम गोड खीर. कुणाला किती, हे सगळं त्यांच्या हातात. सरपंचांना दोन ओगराळी, फौजदारांना तीन. मठाची झाडलोट करणाऱ्या गुंडाबाईंच्या पानात अर्धंच पडलं, तेही फौजदारांशी बोलता बोलता.

सगळ्यांना वाढून झाल्यावर माणिकराव एका रिकाम्या पानावर बसले. पातेलं जवळ ओढलं, ओगराळं काठोकाठ भरलं आणि आपल्या पानाकडे वळवलं.

पंगतीतले सगळे हात थांबले.

"काय झालं?"

"इथली रीत आहे," अप्पा म्हणाले. "वाढणाऱ्यानं कुणालाही वाढावं, कितीही वाढावं. फक्त स्वतःच्या पानात वाढू नये."

"मग मी जेवायचं कसं?"

अप्पांनी पंगतीकडे पाहिलं.

माणिकराव सकाळपासून उपाशी होते. हातातल्या हुग्गीचा वास थेट नाकात शिरत होता. त्यांनी सरपंचांकडे पाहिलं, फौजदारांकडे पाहिलं. दोघांनीही आपापल्या पानाकडे बघत मान खाली घातली.

...

शेवटी गुंडाबाई जमिनीला हात टेकत उठल्या. त्यांनी खासदारांच्या हातातलं ओगराळं काढून घेतलं, पान भरून हुग्गी वाढली, मधे खळगा केला आणि त्यात तूप सोडलं.

"सावकाश होऊ द्या, साहेब."

पंगत पुन्हा जेवू लागली. माणिकरावांनी दोनदा मागून घेतलं, आणि गुंडाबाईंनी दोन्ही वेळा हात आखडला नाही. इतकं मन लावून जेवताना त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

जेवणानंतर अप्पा तांब्यातलं पाणी त्यांच्या हातावर घालत होते. माणिकरावांनी हळूच विचारलं,

"अप्पा... बाई उठल्याच नसत्या तर?"

अप्पा हसले. पाण्याची धार तशीच चालू होती.

"म्हणून तर, माणिकराव, वाढताना त्यांच्या पानाकडे बघायचं असतं."